घर धोकादायक ठरवलं कुणी?

मुंबईच्या जुन्या वाड्यांमधली घरं पाडायला विरोध करणाऱ्या रहिवाशांची पत्रं पावसाळा तोंडावर आला की वाढतात, आणि गोंधळ दरवर्षी तोच असतो. म्हणून काहींना इथेच एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : माझगावच्या माथारपाखाडीतलं आमचं घर शंभरी ओलांडलेलं आहे. म्हणजे ते आपोआप हेरिटेज झालं ना?

नाही. हेरिटेज यादीत नाव असावं लागतं. सी. एस. नंबर, म्हणजे जागेचा भूमापन क्रमांक, घेऊन पालिकेच्या हेरिटेज विभागात खात्री करा.

प्रश्न : आमचं घर हेरिटेज यादीत श्रेणी तीनमध्ये आहे. एजंट म्हणतो, आता खिळाही ठोकता येणार नाही, त्यापेक्षा विकून मोकळे व्हा.

साफ खोटं. श्रेणी तीनमध्ये आतले-बाहेरचे बदल बहुतांशी मान्य होतात. पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक नियमांच्या, श्रेणीची भीती तुम्हाला घालून हा गृहस्थ कुणाची दलाली करतोय, ते आधी बघा. काम काढण्यापूर्वी मात्र वॉर्ड ऑफिसात विचारा.

प्रश्न : गिरगावातलं आमचं दुमजली लाकडी घर मालकाच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ‘सी-१’, म्हणजे ताबडतोब पाडण्याजोगं, ठरलंय. पालिकेची ३५४ची, म्हणजे धोकादायक इमारतीबद्दलच्या कलमाखालची, नोटीसही आली. अहवाल सोबत जोडला आहे. आता काही उरलंय का?

उरलंय, आणि बरंच. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे, पण तुमचं घर त्यात श्रेणी तीनमध्ये असलं, तरी ते कमकुवत किंवा धोकादायक ठरल्यास पाडून बांधायची वाट त्याच नियमावलीनं ठेवली आहे. त्यामुळे सगळा डाव अहवालावर येतो.

तुमचा अहवाल वाचला. पहिल्या पानावर सागवानी खांब, विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, कौलं. चौथ्या पानावर हाफ-सेल पोटेन्शियल चाचणी! ही चाचणी काँक्रीटमधल्या सळया गंजल्यात का ते सांगते. ज्या घरात सळईच नाही तिथे यांनी गंज कशाचा मोजला? दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीचा अहवाल नाव बदलून चिकटवलाय, अशी मला दाट शंका आहे, आणि असले अहवाल माझ्याकडे सारखे येतात.

लाकडी घर तपासायचं म्हणजे तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथला गिलावा काढायचा आणि टोच्या खुपसायचा. निरोगी सागवानात तो जेमतेम रुततो, कुजलेल्यात मुठीपर्यंत जातो. ओल मीटरनं मोजायची, वाळवीच्या मातीच्या रेघा शोधायच्या, कुठली तुळई किती लवली ते खोलीवार लिहायचं. यातलं एक अक्षरही तुमच्या अहवालात नाही. बहुतेक वेळा टोकंच कुजलेली असतात, कारण वर कौल फुटलेलं आणि पन्हळ तुंबलेली. टोकं कापून नवं लाकूड जोडता येतं. मालक वर्षानुवर्षं पन्हळ साफ करत नाही आणि मग कुजलेलं लाकूड दाखवून ऑडिट मागवतो, याची मला खरी चीड आहे.

जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या इंजिनिअरकडून रहिवाशांनी स्वतंत्र ऑडिट करून घ्यावं. दोन अहवालांत तफावत आली की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे ‘टॅक’कडे जातं. नोटिशीचं काय करायचं ते वकिलाला विचारा. आणि हेही ऐका : अहवाल भिकार आहे म्हणून घर ठणठणीत आहे असं होत नाही. भिंत फुगली असेल, जमीन झुकली असेल, तर टेकू लागेपर्यंत तिथे झोपू नका.

प्रश्न : घर पाडलं की भाडेकरूचा हक्क संपतो, असं सगळे म्हणतात.

सगळे चुकतात. पालिकेनं इमारत पाडली तरी भाडेकरार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. घर सोडण्याआधी आपल्या जागेचं क्षेत्रफळ पालिकेकडून लेखी घ्या. भाडेपावत्या जपा. कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

प्रश्न : ओल थांबवायला ठेकेदार सिमेंट प्लास्टर आणि वर केमिकल सुचवतोय, दहा वर्षांच्या गॅरंटीसह.

नको. विटा-चुन्याच्या भिंतीतली ओल वाळून बाहेर पडायला हवी. सिमेंटनं ती आत कोंडते आणि लाकडात उतरते. ओल दिसायची थांबेल, कुजणं चालू राहील. आधी कौलं चाळा.

प्रश्न : नोटीस येऊन महिना झाला. सह्यांची मोहीम जोरात आहे. गणपती झाले की वकील गाठू.

गणपती झाले की? नोटिशीत मुदत लिहिलेली असते, ती वाचलीत का? सह्यांच्या गठ्ठ्यानं ती मुदत वाढत नाही. प्रत घेऊन उद्याच वकिलाकडे जा, आणि इंजिनिअरला आजच फोन करा.