कडेला चिकटू नकोस

रोज सायकलने ऑफिसला जाणार ना? मग अगदी डाव्या कडेने चालवू नकोस. चेंबरची झाकणं, खडी सगळं तिथंच असतं. जंगली महाराज रस्त्यावर उभ्या गाड्यांपासून चांगलं मीटरभर लांब राहा. ड्रायव्हरचं दार रस्त्याच्या बाजूलाच उघडतं. सीटवर डोकं दिसलं की दार उघडणार असं धरूनच चाल. मागचे हॉर्न मारतील, मारू देत. पुण्यात सिग्नल हिरवा व्हायच्या आधीही हॉर्न वाजतो. पीएमपीची बस थांब्यावर असेल तर तिच्या डावीकडून घुसू नकोस, उतरणारे थेट अंगावर येतात. मोठ्या चौकात उजवीकडे वळणं जमत नसेल तर खाली उतर, झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल ढकलत ने. लाज कसली त्यात? आणि मागचा लाल दिवा आजच बसवून घे.