फ्रेंच सायकलपटू पॉल सेइक्सास मोठ्या एकदिवसीय शर्यती जिंकेल, की तो फक्त तीन आठवड्यांच्या टूर द फ्रान्सचाच गडी आहे?

जिंकेल. बेल्जियमची लिएज-बास्तोन-लिएज आणि इटलीची लोम्बार्डिया या चढांच्या शर्यती तर त्याच्या आवाक्यातल्याच आहेत. पारी-रूबे विसरा. तिथल्या दगडी रस्त्यांवर अंगात वजन लागतं, हा काडीपैलवान.

पण तुम्ही प्रश्नाखाली ‘त्याचे वॉट (पेडलवर लावलेल्या ताकदीचा आकडा) किती?’ असंही विचारलंय, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. आमच्या इंदूरातही वॉटवाले आहेत आणि माझा आतेभाऊ त्यांचा मुकुटमणी. घरी पंख्यासमोर स्मार्ट ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवून ताकद मोजायचं यंत्र) वीस मिनिटांचा आकडा काढायचा आणि रविवारी छप्पन दुकानवर पोहे खाता खाता सगळ्यांना ऐकवायचा. एकदा आम्ही आपसांत शर्यत लावली : खंडवा रोडने सिमरोल, घाट उतरून चोरल, आणि तोच घाट चढून परत. घाटाच्या पायथ्याशी हे महाशय सगळ्यात मागे, गप्पा मारत. ‘चढावर बघून घेतो.’ पहिल्याच वळणावर भरलेला ट्रक पहिल्या गियरमध्ये कण्हत चाललेला. पुढचे आम्ही तिघं कडेने निघालो, मागच्यांनी ब्रेक मारले, आणि त्याला तर पाय टेकावा लागला. मग जीव तोडून पाठलाग. अर्धं अंतर कापलंही, पण इंदूरपासून पोटात एक केळं गेलं नव्हतं, मांड्यांनी दगा दिला. घाटमाथ्यावर मी पहिला. आजही लग्नकार्यात भेटला की म्हणतो, ट्रकमुळे जिंकलास. अरे, ट्रक सगळ्यांनाच आडवा होता!

दोनशे माणसांच्या घोळक्यात हेच होतं, फक्त जास्त वेगाने. अरुंद वळणावर पुढचे थोडे हळू होतात, साठावा जवळजवळ थांबतो आणि पुन्हा वेग धरण्यात पाय जाळतो. असं पाच-सहा तास.

म्हणून सेइक्सासचं टूर द लाव्हेनीरचं (तरुणांच्या अनेक दिवसांच्या शर्यतीचं) विजेतेपद मी इथे फारसं धरत नाही. 2025 च्या ऑक्टोबरात, नुकता एकोणीसचा झालेला असताना, युरोपियन अजिंक्यपद शर्यतीत पोगाचार आणि एव्हेनेपूल या आजच्या दोन बड्या सायकलपटूंच्या मागे तिसरा आला; आठवड्याच्या आत, 240 किलोमीटरच्या आसपासच्या लोम्बार्डियात सातवा. एवढ्या अंतरानंतरही पाय चालतात, म्हणजे पोटही तयार आहे : या मंडळींना तासाला शंभरेक ग्रॅम कर्बोदकं रिचवावी लागतात, तीही सरावानेच जमतात. शिवाय 2024 चा तो ज्युनियर टाइम ट्रायलचा (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचा) जगज्जेता. एकदा सुटला तर एकट्याने ओढू शकतो, शेवटच्या स्प्रिंटची वाट बघायला नको. एव्हेनेपूलने 2022 मध्ये, बाविसाव्या वर्षी, ला रेदूतच्या चढावर सुटून लिएज तशीच मारली.

अडचण पोगाचारची. 2021 ते 2025 सलग पाच लोम्बार्डिया त्याच्याच. आणि 1985 च्या बेर्नार इनोनंतर फ्रान्सला टूरचा विजेता मिळालेला नाही, त्यामुळे सगळे पोराला तिकडेच ढकलणार. माझं ऐकत असतील तर त्याला बेल्जियमच्या फ्लँडर्स शर्यतीला धाडा. साठावा येऊ दे, पण घोळक्यात जागा राखायला तिथे शिकेल.

वॉट लागतात, नाही कोण म्हणतं? पण पुढची लिएज बघाल तेव्हा आकडा शोधत बसू नका, ला रेदूतच्या पायथ्याशी तो कितवा आहे ते मोजा. पहिल्या दहात दिसला तर त्या दिवशी माझे पैसे त्याच्यावर. आतेभावाने हवं तर ट्रेनरवर लावावेत.