पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये शॉपिंग साइट करतोय, शेवटचा एकच पीस दोघांना विकला जातो, काय करू?

हे माझ्याकडून पण झालंय. लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची साइट केली होती, ऐन दिवाळीत एकच पैठणी उरलेली आणि ऑर्डर दोन, मालकांना एका ताईंना फोन करून माफी मागावी लागली, फार वाईट वाटलं होतं मला. चूक अशी की आधी सिलेक्ट क्वेरीने डेटाबेसमधला स्टॉक बघायचा, मग पीएचपीत इफ लावायचा आणि मग कमी करायचा, त्या मधल्या क्षणात दुसरा गिऱ्हाईक घुसतो आणि त्यालाही स्टॉक 1 च दिसतो. म्हणून एकाच अपडेट क्वेरीत स्टॉक 1 ने कमी कर आणि वेअरमध्ये त्या प्रॉडक्टच्या आयडीसोबत 'स्टॉक 0 पेक्षा जास्त' ही अट टाक, किती रो (टेबलमधल्या ओळी) बदलल्या ते बघ, 0 आलं तर माल संपलाय असं तिथेच सांग. हे आणि ऑर्डरचं इन्सर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही) पाहिजे, टेबलचं स्टोरेज इंजिन (डेटा साठवणारा मायएसक्यूएलचा भाग) इनोडीबी असू दे, मायआयसॅम या दुसऱ्या इंजिनमध्ये रोलबॅक, म्हणजे केलेले बदल मागे घेणं, होतच नाही. पेमेंट फेल झालं तर स्टॉक परत वाढवायला विसरू नकोस.

आणि हो, किंमत ब्राउझरकडून आलेली कधीच धरू नको, डेटाबेसमधूनच घे, फ्लोटऐवजी (त्यात आकडे अंदाजे साठतात) डेसिमलमध्ये ठेव.