सुई-दोरा : लाटा दिसतच नाहीत!

प्रश्न : ताई, नमस्कार. तुमचं सदर नेमाने वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय, तेही वैतागून. आमचं घर समुद्राला अगदी लागून आहे. उन्हाळ्यात लोक हेवा करतात, हिवाळ्यात कुणी फिरकत नाही. आठवडेच्या आठवडे ऊन नसतं. धुकं, बारीक पाऊस, आणि दुपार कलली की अंधार. समोर आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, तेही कळत नाही. म्हटलं, हाच समुद्र गोधडीत उतरवावा. ‘स्टॉर्म ॲट सी’ हा जुना नमुना घेतला, माप डबल बेडचं. राखाडी, पारवा, शेवाळी आणि निळ्याच्या सगळ्या छटा हौसेने जमवल्या. तिसरा हिस्सा शिवून झालाय आणि लाटा दिसतच नाहीत! नुसतं गढूळ पोतेरं दिसतं. दिव्याखाली जुळलेले दोन राखाडी सकाळी खिडकीत नेले तर एक हिरवट निघतो. मध्ये एक विटकरी कापड आणलं होतं, संध्याकाळी खिडकीशी धरून पाहिलं तर काळंच वाटलं, ठेवून दिलं. रात्री उसवायचं, सकाळी पुन्हा जोडायचं, असं चाललंय. तुकड्यांच्या कडांचे धागे सुटलेत, ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले भाग, एकमेकांशी जुळत नाहीत, वर टाचण्या गंजून दोन ठिकाणी डाग पडलेत. हे म्हणतात, “सोड ना, ब्लँकेट विकत आणू.” परवा रागाने सगळं पिशवीत कोंबलं. सोडून देऊ का? की माझ्यात ती नजरच नाही?

उत्तर : सोडू नका. ब्लँकेटची सूचना करणाऱ्यांना सांगा की थंडी वाजते म्हणून कुणी एवढे त्रिकोण कापत नाही.

नजरेचं म्हणाल, तर तुमचं पत्रच पुरावा आहे. दोन राखाड्यांतला एक हिरवट आहे हे ज्या बाईला दिसतं, तिच्या नजरेत खोट नाही. खोट उजेडात आहे. घरातले पिवळसर दिवे साधारण २७०० केल्व्हिनचे असतात (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्यांच्या उजेडात निळा अंश कमी, त्यामुळे निळे आणि राखाडी मरतात आणि वेगवेगळ्या रंगद्रव्यांची दोन कापडं एकसारखी भासू शकतात. ढगाळ दिवसाचा उजेड याच्या उलट, निळसर. तुम्ही रात्री एका जगात रंग ठरवता आणि सकाळी दुसऱ्या जगात तपासता. मग उसवण्याला अंत कसा असेल? कामाच्या टेबलावर ५००० केल्व्हिनच्या आसपासचा, रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर असलेला एक दिवा लावा. खोक्यावर हे आकडे बहुधा छापलेले असतात. आणि एक नियम करा : अंधार पडल्यावर रंगाचा निर्णय नाही. टीप मारा, कापा, इस्त्री करा, पण हा तुकडा की तो, हे दिवसा, खिडकीपासून हातभर अंतरावर.

त्या विटकरी कापडावरही अन्यायच झालाय. उजेड फारच मंदावला की डोळा लाल रंगांना आधी अंधारात ढकलतो आणि निळे तुलनेने उजळ दिसू लागतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, त्याचं नावही या बदलाला मिळालं. संध्याकाळी दिवा न लावता खिडकीशी धरलेलं विटकरी काळंच दिसणार. ते कापड बाहेर काढा, त्याचं काम पुढे आहे.

आता लाटांकडे. तुम्ही निवडलेल्या नमुन्यात एकही वक्र रेघ नाही, हे शिवताना लक्षात आलंच असेल. चौकोनात तिरपा चौकोन, आयतात लांबट हिऱ्याचा आकार, बाकी कोपऱ्यांचे त्रिकोण. सगळी टीप सरळ. तरी पूर्ण झालेली गोधडी लांबून पाहिली की वळणं दिसतात, कारण वेगवेगळ्या कोनांतल्या तिरप्या कडा डोळा एकापुढे एक जोडत जातो. पण डोळ्याला कड दिसली तर तो जोडणार! हिरा आणि त्याच्या चार कोपऱ्यांत फिकट-गडदाचा फरक नसेल तर कड उरत नाही आणि कड नाही तर लाट नाही. तुम्ही निळ्याशेजारी राखाडी, राखाडीशेजारी शेवाळी ठेवलं. रंग बदलला, गडदपणा तोच राहिला. समुद्र करायला निघालेले बहुतेक लोक हेच करतात, दहा निळे आणतात आणि दहाही मधल्या वजनाचे, म्हणजे ना फिकट ना गडद. दुकानात मधल्या वजनाचंच कापड हाताला गोड लागतं, हाही त्यातला भाग.

तपासायला सोपं आहे. सगळी कापडं दिवसा जमिनीवर एकाला एक लावून मांडा, फोनने फोटो काढा आणि फोटो कृष्णधवल करा. रंग निघून गेला की खरं वजन उघडं पडतं. फिकट, मधला, गडद असे तीन ढीग करा. माझी पैज आहे की तुमचा मधला ढीग डोंगराएवढा असेल आणि गडद ढीग जवळपास रिकामा. गडद म्हणजे खरोखर गडद हवं : काळ्याकडे झुकलेला निळा, ओल्या पाटीचा रंग. आणि फिकट म्हणजे जवळजवळ पांढरं.

इथे एक जुना किस्सा आठवतो. पॅरिसमध्ये गोब्लँ इथे विणलेल्या भिंतपटांचा नामांकित कारखाना होता. रसायनशास्त्रज्ञ मिशेल-युजेन शेव्रल १८२४ साली तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तक्रार अशी की काळा धागा निळ्या-जांभळ्याशेजारी मेलेला दिसतो. त्याने काळे धागे तपासले, रंग ठीक होता. दोष शेजाऱ्याचा होता. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध छटेची झाक काळ्यावर टाकत होता. १८३९ साली त्याने हे नियमासकट पुस्तकरूपाने मांडलं. तुमच्या कामाचं त्यातून एवढंच : राखाडी कापड स्वतः ठरवत नाही की ते निळं दिसणार की मळकट, शेजारी ठरवतो. चहूबाजूंनी निळं असेल तर राखाडी तपकिरीकडे सरकतं, म्हणून तुम्हाला पोतेरं दिसतं. त्याच राखाडीशेजारी विटकरीचा लहानसा तुकडा आला की ते निळसर, गार, पाण्यासारखं होतं. म्हणून ते विटकरी कापड हवं, पण चवीपुरतं. पूर्ण गोधडीत चौकोनांच्या मध्यभागी पाच-सहा ठिकाणी, तेही एका ओळीत नाही. जास्त घातलंत तर समुद्राचा सूर्यास्त होईल, आणि तसल्या गोधड्या जगात पुरेशा आहेत.

उदास रंगांची गोधडी उदासच दिसते, हेही मनातून काढा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ साली नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. विटके निळे, करडे, मातकट पट्टे आणि पोत्याचं फिकट कापड. कृष्णधवल केली तरी ती उभी राहते, कारण फिकट आणि गडद त्यांनी न घाबरता एकमेकांशेजारी ठेवलेत.

मग शिवून झालेल्या तिसऱ्या हिश्शाचं काय? उसवू नका. खरंच सांगते, एक टाकाही नाही. पाव इंचाची मार्जिन पुन्हा पुन्हा उसवून राहते किती? आणि मला तर तो भाग फुकट गेलेला वाटतच नाही. तुम्हीच लिहिलंय की आभाळ आणि पाणी वेगळं कळत नाही. लांबच्या गोष्टींचा फिकट-गडद फरक हवेतल्या बाष्पात विरतो, चित्रकार दूरचे डोंगर त्याच युक्तीने दूर नेतात. तुमचा गढूळ तिसरा हिस्सा हा दूरचा, धुक्यातला समुद्र आहे. तो वर, उशाकडे ठेवा. त्याखालच्या दोन ओळींत फरक थोडा वाढवा, मग आणखी, आणि पायाकडच्या ओळींत काळसर निळ्याला पांढऱ्याशी थेट भिडवा. वर लाटांची नुसती चाहूल, खाली फुटणाऱ्या लाटा. सगळीकडे सारख्या लाटा असलेल्या नमुन्यापेक्षा ही गोधडी जास्त खरी होईल. ही युक्ती आधी ठरवून केली असती तर तुम्हाला शाबासकी दिली असती. आता नकळत झाली म्हणून काही बिघडत नाही.

ब्लॉक न जुळण्याचं कारण मात्र वेगळं, दमट हवेचं. ६५ टक्के आर्द्रतेत सुती कापड वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून असतं. तुमच्याकडे हवा त्याहून ओली असणार. त्रिकोणांच्या तिरप्या कडा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरप्या कापलेल्या असतात, त्या आधीच ताणायला बसलेल्या, त्यात तुम्ही वाफेची इस्त्री घासत असाल तर संपलंच. उरलेलं कापड कापण्याआधी स्टार्च करून कडक करा. इस्त्री कोरडी ठेवा. ती सरकवायची नाही, उचलून दाबायची. शिवून झालेला ब्लॉक सपाट ठेवून पूर्ण गार होऊ द्या, मगच मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर मोठा ब्लॉक खाली, मशीनच्या कापड सरकवणाऱ्या दातऱ्यांच्या बाजूला ठेवून टीप मारा, दातरे जादाचं कापड ओढून घेतात. अकरा जोडांत प्रत्येकी एक मिलिमीटर चुकला तर ओळ सेंटीमीटरभर हुकते, म्हणून दर ओळीला मोजत जा.

गंजाच्या डागांवर क्लोरीनचं ब्लीच चुकूनही घालू नका, डाग पक्का होतो. लिंबाचा रस चिंधीवर आधी करून बघा, रंग टिकला तरच गोधडीवर. नाहीतर डागावर गडद तुकडा जोडून टाका, तुम्हाला गडद हवंच आहे.

शेवटी थोडं तुमच्याबद्दल. गोधडीचा राग गोधडीपुरता असेल तर तो चांगला आहे, त्यातून काम होतं. पण झोप, भूक, माणसांत बसणं, सगळ्यावरच मळभ असेल आणि दर हिवाळ्यात तेच होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन १९८४ साली शास्त्रीय नियतकालिकात आलं आणि त्यावर सकाळी १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाच्या प्रखरतेचं माप) दिव्यासमोर बसण्यासह उपचार आहेत. तो दिवा शिवणाच्या दिव्यापेक्षा वेगळा, तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

प्रश्न : आमच्याकडेही खारी, दमट हवा आहे. अर्धवट गोधडी पावसाळी महिन्यांत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवते, तरी वास येतो. काय करू?

उत्तर : “तरी” नव्हे, “म्हणूनच”. कापडातला ओलावा पिशवीत कोंडला जातो आणि बुरशीला आणखी काय हवं? सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, लाकडाच्या फळीला थेट टेकवू नका. आधी सगळ्या टाचण्या आणि सेफ्टी पिना काढा. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. थर जोडून ठेवायचे असतील तर कच्चा दोरा घाला, वेळ लागतो पण डाग पडत नाही. महिन्यातून एकदा बाहेर काढून, घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. आणि इस्त्रीच्या उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाने नक्षी आखली असेल तर तेही पाहून घ्या. ती शाई खूप थंडीत परत उमटते.