गुजगोष्टी की गप्पागोष्टी? आधी 'गोष्ट' कुठून आली ते पाहा

प्रश्न असा आहे. सकाळी फिरून झाल्यावर तळ्याकाठच्या कट्ट्यावर बसणारे तुम्ही 14 मित्र. बैठक 20 वर्षांहून जुनी. रोज तास-दीड तास बोलणे, विषय ठरलेला नाही. वर्धापनदिनाच्या निमंत्रणावर 'सकाळच्या गप्पागोष्टी' असे छापायचे ठरले होते. तुमच्यातलेच एक निवृत्त शिक्षक म्हणाले, 'गप्पा' फारसी आहे, 'गुजगोष्टी' लिहा, तो शुद्ध आणि गोड शब्द आहे. तर बरोबर कोणता?

'गप्पागोष्टी' बरोबर. 'गुजगोष्टी' इथे चूक आहे.

'गप्पा' फारसी 'गप'वरून आल्या हे खरे. तिकडेही 'गप' म्हणजे बोलणे, गप्पा. म्हणून काय झाले? आपल्या तोंडात शेकडो वर्षे मुरलेला शब्द आहे, त्याचा पासपोर्ट आता मागू नये. 'गूज' हा 'गुह्य'पासून, म्हणजे लपवण्याजोगे, गुप्त, यापासून आला: गुह्य, प्राकृतात गुज्झ, मराठीत गूज. जो 'ह्य' संस्कृतातल्या 'मह्यम्'मध्ये आहे, त्याचाच 'ज्झ' होऊन आपला 'माझा' तयार झाला. गुहा, गूढ, गुह्य, गूज ही सगळी 'झाकणे' या एकाच धातूची लेकरे. दोघांनी डोके डोक्याला लावून, तिसरा आला की थांबून केलेले बोलणे म्हणजे गूज. 14 जण मोठ्याने हसत बोलतात, रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू जाते, ते गूज कसे होईल? पुढाऱ्याने पाच हजारांच्या सभेत 'कार्यकर्त्यांशी हितगूज साधले' अशी बातमी वाचली की मला तेव्हाही असाच त्रास होतो.

पण तुमच्या दोन्ही शब्दांत जो शब्द सामाईक आहे, त्याकडे तुमच्यापैकी एकाचेही लक्ष गेले नाही. 'गोष्टी'. खरे बोलायचे आहे ते त्याच्याबद्दल.

गेली काही वर्षे या शब्दाचे काय चालले आहे ते कुठलाही स्वयंपाकाचा व्हिडिओ लावून पाहा. परवा एका मसालेभाताच्या कृतीत बाई म्हणाल्या, "आता या सगळ्या गोष्टी मिक्सरला फिरवून घ्यायच्या." ताटलीत ओले खोबरे, कोथिंबीर, आले आणि चार हिरव्या मिरच्या होत्या. यांना मराठीत 'जिन्नस' म्हणतात. 'सगळं साहित्य' म्हणतात. काहीच सुचले नाही तर 'हे सगळं' म्हणतात. पण 'गोष्टी' मिक्सरमध्ये फिरत नाहीत. वाण्याकडून तीन 'गोष्टी' आणल्या, बॅगेत दोनच 'गोष्टी' मावल्या, ही वाक्ये मी घरात, रेल्वेत, बातम्यांत रोज ऐकतो. हात लावता येतो ती वस्तू. गोष्ट बोलली जाते, घडते, कानावर येते. 'ती गोष्ट वेगळी', 'अशक्य गोष्ट', 'लग्नाची गोष्ट काढली' हे सगळे ठीक, तिथे 'बाब' असा अर्थ आहे आणि तो जुना आहे. पण मिरची ही गोष्ट नव्हे.

आता मूळ. लहानपणापासून आपण 'गोष्ट' म्हणजे राजाराणीची कथा असे समजतो. तो अर्थ फार उशिराचा. मूळ शब्द 'गोष्ठी', आणि तो 'गोष्ठ'पासून झाला. गोष्ठ म्हणजे गो आणि स्थ, गायी थांबतात ती जागा. 'गो'पुढे 'स्थ'चा 'ष्ठ' कसा होतो यासाठी संस्कृत व्याकरणकार पाणिनीला सूत्रच द्यावे लागले. आणि हाच 'गोष्ठ' प्राकृतातून उतरत आला तेव्हा काय झाला? ओष्ठाचा ओठ झाला, ज्येष्ठाचा जेठ, कोष्ठाचा कोठा. तसा गोष्ठाचा गोठा. म्हणजे आपला गोठा आणि आपली गोष्ट ही एकाच दावणीची. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीतसुद्धा, बोलण्याला 'गोठी' म्हटलेले आहे, तिथे तर नाते कानालाच कळते. पुढे कुणीतरी संस्कृताकडे पाहून 'ष्ट' परत बसवला आणि गोष्ट गोठ्यापासून वेगळी दिसू लागली.

हे मला कळले तेव्हा दोन दिवस दुसरे काही सुचले नाही, कारण मी ती जागा पाहिलेली आहे. आमच्या आजोळी, कोकणात, गावाबाहेर गोठण होती. गोठण म्हणजे चरून आलेली गुरे दुपारी जिथे सावलीला बसवतात ती जागा. आंब्याची तीन जुनी झाडे, खाली शेण आणि पाचोळा एकत्र तुडवून घट्ट झालेली जमीन, बसून बसून गुळगुळीत झालेले चार-पाच दगड. दुपारी गुरे रवंथ करत बसायची आणि गुराखी त्या दगडांवर. गुरांना हलवायचे नाही, घरी जायचे नाही, दोन-अडीच तास करायचे काय? बोलायचे. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या बांधावरून वाद झाला, मागल्या वर्षी वाघ कुठे दिसला. तेच वाघाचे वर्णन मी एका सुट्टीत निदान सहा वेळा ऐकले असेल, आणि दर वेळी ऐकणारे तेच होते आणि तितक्याच लक्षाने ऐकत होते.

माझे मत असे, आणि ते मी ठामपणे मांडतो, की शब्दाचा सगळा प्रवास त्या दगडांवर झाला. आधी गोष्ठ ही जागा. मग त्या जागी बसणारी माणसे, ती गोष्ठी. मग ती माणसे जे बोलतात ते बोलणे. मग त्या बोलण्यातला सांगण्याजोगा तुकडा, म्हणजे कथा. आणि शेवटी ज्याबद्दल बोलायचे ती बाब. जागा, मंडळी, बोलणे, कथा, बाब: पाच पायऱ्या, आणि मराठीच्या एका शब्दात शेवटच्या तीन अजून जिवंत आहेत. 'गोष्टीवेल्हाळ' हा शब्द आठवा. गोष्टीवेल्हाळ माणसाला राजाराणीच्या कथा आवडतात असे नाही, त्याला बोलत बसायला आवडते. तिथे जुना अर्थ तसाच्या तसा राहिला आहे. रवंथ हा शब्दही गोठ्यातलाच, संस्कृत 'रोमंथ'चा. तुमच्या कट्ट्यावर 20 वर्षांत त्याच त्या आठवणी किती वेळा निघाल्या असतील, आणि दर वेळी त्यांना पुन्हा रस सुटला असेल. बोलण्याला आपण रवंथ म्हणतो त्याला जागेचा आधार आहे.

इथे पंडित मंडळी आडवी येतात. अमरकोश या अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशावरच्या टीकाकारांच्या परंपरेत 'गोष्ठी'ची फोड अशी दिली जाते: 'गो' म्हणजे वाणी, जिथे अनेक वाणी एकत्र राहतात ती गोष्ठी. 'गो'चा वाणी हा अर्थ संस्कृतात आहे, नाही असे नाही. पण हा शुद्ध ओढूनताणून केलेला अर्थ आहे. 'गोष्ठ' हा शब्द ऋग्वेदात आहे, सहाव्या मंडलाच्या 28व्या सूक्तात: गायी आल्या, त्यांनी भले केले, 'सीदन्तु गोष्ठे', गोठ्यात बसोत आणि आमच्यात रमोत. तिथे वाणीचा काय संबंध? शब्द गायींचा आहे हे समोर असताना वाणीकडे धाव घेण्याचे कारण एकच दिसते, विद्वानांच्या सभेच्या नावाला शेणाचा वास नको. मला तो वास चालतो. शब्दाला त्याची जागा कळते ती त्या वासावरूनच.

आणि हा एकटा शब्द नाही. 'समाज' घ्या. त्यात 'अज्' धातू आहे, हाकणे. पाणिनीच्या सूत्राप्रमाणे गुरांचा जमाव असेल तर 'समज' आणि इतरांचा असेल तर 'समाज'. अमरकोशातही तो भेद जसाच्या तसा आहे. एक काना दिला की कळपाची माणसे होतात. 'गोत्र' ऋग्वेदात गायींच्या आवाराला म्हणतात, पुढे ते कुळाचे नाव झाले. 'गवेषणा' म्हणजे गायी शोधायला निघणे, आज विद्यापीठात त्याला संशोधन म्हणतात. गुरे राखणाऱ्या लोकांची भाषा आहे ही. एकत्र येण्याचे शब्द ते दुसरीकडून कुठून आणणार?

अमरकोशात अमरसिंहाने 'गोष्ठी' कुठल्या ओळीत बसवली आहे तेही पाहा: परिषद, गोष्ठी, सभा, समिती, संसद. गोठ्यातून निघालेला शब्द थेट संसदेच्या मांडीला मांडी लावून बसला! कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिक माणसाच्या, दिनक्रमात गोष्ठीची व्याख्याच आहे, आणि तिच्यात जमणाऱ्यांबद्दल एक मोठा समास आहे, 'समानविद्याबुद्धिशीलवित्तवयसाम्'. विद्या, बुद्धी, स्वभाव, पैसा आणि वय ज्यांचे सारखे, त्यांनी एकत्र बसून साजेसे बोलणे. त्यात गणिकाही असत, तो भाग तुमच्या निमंत्रणाला लागू नाही. बाकी व्याख्या तुमच्या कट्ट्याला चपखल बसते. त्याच प्रकरणात पुढे सांगितले आहे की गोष्ठीत अगदी संस्कृतातच बोलू नये आणि अगदी देशभाषेतच बोलू नये, दोन्हींचा मध्य साधून बोलणाऱ्याला लोकांत मान मिळतो. 'गप्पा' फारसी म्हणून काढून टाका म्हणणाऱ्या तुमच्या शिक्षकमित्रांना हे जरूर दाखवा. मित्रांच्या बैठकीत मिसळीची भाषाच शोभते, हे तेव्हाच्या लोकांनाही माहीत होते.

शेजारी भाषांनी या शब्दाचे काय केले तेही सुंदर आहे. गुजरातीत 'गोठियो' म्हणजे सवंगडी, आणि लहानपणापासूनचा मित्र तो 'बाळगोठियो'. तिथे शब्द दुसऱ्या पायरीवर, माणसांवर, थांबला. मारवाडीत 'गोठ' म्हणजे मंडळींनी मिळून केलेले जेवण, सहभोजन. हिंदीत 'गोष्ठी' व्यासपीठावर चढली, तिथे निबंध वाचतात. मराठीत ती आजीच्या कुशीत गेली. मालवणी आणि कोकणीत 'गजाल' हा वेगळा शब्दही वापरतात, पण अर्थाची वाट पाहा: गजाल म्हणजे बोलणे, आणि गजाल म्हणजे बाब. 'गजाली' करत बसलेले चार जण आणि 'खरी गजाल काय' असे विचारणारा पाचवा, दोघांचा शब्द एकच. शब्द वेगळा असूनही बोलणे ते बाब ही वाट त्यानेही धरली, म्हणून माझ्या पायऱ्या मनच्या नाहीत असे मी म्हणतो.

आणखी एक, कारण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणिनीने 'गौष्ठीन' हा शब्द सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे: 'गोष्ठात् खञ् भूतपूर्वे'. पूर्वी जिथे गोठा होता, आता नाही, ती जमीन गौष्ठीन. एवढ्या नेमक्या अर्थासाठी एक अख्खा शब्द! आमच्या आजोळची गोठण आता तशी आहे. गुरे गावात फारशी उरली नाहीत. आंब्यांपैकी एकाखाली सिमेंटचे बाक आले आहे आणि संध्याकाळी सहा-सात माणसे तिथे येऊन बसतात. जमीन गौष्ठीन झाली, गोष्ठी तिथेच आहे.

तर तुमचे निमंत्रण. 'सकाळच्या गप्पागोष्टी' असेच छापा. मधे आडवी रेघ नको, तो एकच शब्द आहे. 'ष्ट'ला 'ठ' करू नका, मराठीत 'गोष्टी'च. आणि खाली चहा-फराळाची ओळ असेल, तर तिथे 'खाण्याच्या गोष्टी' असे कुणाला लिहू देऊ नका, 'खाण्याचे पदार्थ' लिहा.