वाचकांचे प्रश्न : ढोल वाजला की तिन्ही रंग एकदम का लागतात?

प्रश्न : घरच्या गणपतीच्या डेकोरेशनसाठी गाण्यावर नाचणारे लाईट बनवतेय. १२ व्होल्टच्या लाल, हिरव्या, निळ्या एलईडी पट्ट्या, एलएम३२४ आयसी (एकात चार अॅम्प्लिफायर), प्रत्येक रंगाला एक मॉस्फेट (पट्टी चालू-बंद करणारा स्विच). लाल ढोलाला आणि निळा ताशा-झांजेला लागायला हवा, पण ढोल पडला की तिन्ही एकदम लागतात. प्रत्येक रंगासाठी जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या फिल्टरचं गणित तर बरोबर आहे. काय चुकतंय? — बारावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : गणित बरोबर असेलच, मला तरी गडबड फिल्टरच्या आधी वाटतेय. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, जास्त ठेवला की अॅम्प्लिफायर क्लिप होतो, म्हणजे ढोलाची गोल लाट वरून खालून कापली जाते, आणि अशा कापलेल्या लाटेत मूळ आवाजात नसलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, त्या सरळ निळ्या फिल्टरमधून पास होतात, त्यात फिल्टरचा काही दोष नाही. मोबाईलवर टोन जनरेटर अॅप घ्या, ८० हर्ट्झ वाजवा आणि फक्त लाल उरेपर्यंत प्रीसेट (गेन ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) कमी करत जा. मग ५००० हर्ट्झ लावा, फक्त निळा लागला पाहिजे.

एवढं करूनही हिरवा मध्येमध्ये लागत असेल तर फिल्टर मवाळ आहे. एका आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) जोडीने ऑक्टेव्हमागे, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी होताना, फक्त ६ डीबी घट मिळते, म्हणजे सिग्नल जेमतेम निम्मा होतो, दोन टप्पे लावा, मध्ये एलएम३२४चाच एक भाग बफर म्हणून (एका टप्प्याचा भार दुसऱ्यावर येऊ नये म्हणून) टाका (चार भाग कमी पडतील, दुसरी आयसी घ्या, स्वस्तच असते). लालला १० के (किलोओहम) आणि ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे साधारण १६० हर्ट्झच्या खालचं, निळ्याला ४.७ के आणि ०.०१ म्हणजे ३४०० च्या वरचं.

अजून एक, हे बरेच जण विसरतात. एकाच १२ व्होल्टवर आयसी चालवताना आउटपुट ६ व्होल्टवर बसलेलं असतं, ते थेट मॉस्फेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) दिलं तर पट्टी बंदच होणार नाही. मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, पुढे १एन४१४८चे दोन डायोड, एक ग्राउंडकडून येणारा, एक गेटकडे जाणारा, आणि गेटपासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरड आणि १०० के समांतर. लाईट विझायला साधारण दशांश सेकंद लागेल, ढोलाला ते छान दिसतं. ताशाची तर्री (भराभर पडणारे सलग ठोके) मात्र त्यात एकसलग उजेड होऊन जाते, म्हणून निळ्याला ४७ के किंवा २२ के लावून बघा, तर्रीतले ठोके सुटे दिसायला लागतील.