'करवाढ' आणि 'महसूलवाढ'

'सरकारने करवाढ केली' आणि 'सरकारचा महसूल वाढला' ही विधाने समानार्थी मानावीत का, असे एका वाचकांनी विचारले आहे. मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

'महसूल' हा शब्द मूळचा अरबी असून 'हासिल' त्याच धातूपासून झालेला आहे. प्राप्त होणे, हाती येणे हा त्या धातूचा अर्थ. म्हणजे प्रत्यक्ष पदरात पडते तो महसूल. कर मात्र बसवला जातो, आणि बसवलेला सगळा कर वसूल होतोच असे नाही.

ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून या इतिहासकाराने १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात हा भेद फार नेमकेपणाने मांडला आहे. राज्याच्या आरंभी 'वजाइअ', म्हणजे आकारणी, थोडी आणि 'जुमला' मोठा असतो; अखेरीस आकारणी भारी होते आणि जुमला रोडावतो, असे तो म्हणतो. (एकूण बेरीज या अर्थाचा हा 'जुमला' मराठी हिशेबांतही रुळलेला आहे.) दरबाराचा थाट वाढला की आकारणी थोडीथोडी चढत जाते, नफ्याची आशा उरली नाही की लोक लागवड व व्यापार आखडता घेतात, आणि आलेली तूट भरून काढण्यासाठी राजा पुन्हा आकारणी वाढवतो, ही त्याने दिलेली कारणमीमांसा आजही वाचण्याजोगी आहे.

१९७४ मध्ये वॉशिंग्टनमधील एका भोजनाच्या वेळी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आर्थर लाफर यांनी हाच विचार करदर व महसूल यांचा संबंध दाखवणाऱ्या वक्राच्या रूपात मांडला आणि पत्रकार जूड वॅनिस्की यांनी त्याला 'लाफर वक्र' हे नाव दिले. दर शून्य टक्के असो वा शंभर टक्के, दोन्ही टोकांना महसूल शून्य. कमाल महसूल मधे कोठेतरी. हा वक्र म्हणजे 'दर कमी केला की महसूल वाढतो' असा नियम आहे, असे मराठी लेखांत कधीकधी सांगितले जाते, ते चूक आहे. शिखराच्या अलीकडे दर वाढवल्यास महसूलही वाढतो, आणि शिखर कोठे आहे हे वक्र सांगत नाही.

ब्रिटनचे उदाहरण येथे बोलके आहे. १७८४ मध्ये पंतप्रधान पिट यांनी चहावरील सुमारे ११९ टक्के कर साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरटी आयात बसली, अधिकृत विक्री लवकरच दुपटीवर गेली. पण दरातील कपात इतकी मोठी होती की महसुलातील घट भरून काढण्यासाठी त्याच कायद्याने खिडक्यांवरील कर वाढवला. व्यापार वाढला, चोरी थांबली, तरी चहाच्या महसुलाचे गणित वेगळेच राहिले.

भारतात १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्याविषयी लिहिताना 'कर जास्त होता' एवढ्यावर थांबू नये. दर जास्त होता की वसुली, हे वाक्यातच स्पष्ट करावे. म्हणून दराबद्दल 'करदरवाढ', जमा रकमेबद्दल 'महसूलवाढ' लिहावे, आणि 'करवाढ' हा शब्द नव्या कराची किंवा वाढीव दराची घोषणा एवढ्यापुरताच ठेवावा.